खलनायकाची तालीम

नाटकात मला मुलाचं काम मिळालं, तेही वाईट मुलाचं, आणि ऐकून एकाही माणसाला नवल वाटलं नाही, याचाच मला आधी राग आला. पन्नाशी उलटलेली बाई मी. कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. पँट आखूड करायची, चेन बदलायची, लग्नानंतर सुटलेल्या माणसांचे कोट उसवून सैल करायचे, हे माझं काम. आता बोलणं थोडं तिखट आहे, नाही म्हणत नाही. गल्लीतली माणसं एक वेळ उघड्या वायरीला हात लावतील, पण माझ्या तोंडी लागणार नाहीत. म्हणून काय खलनायक?

नाटकाचं खूळ शाळेतल्या नर्सताईंचं. हल्ली पोरंपोरी प्रेमात पडतात आणि त्यातलं एक जण दुसऱ्यावर हुकूम गाजवायला लागतं, धाक घालतं, कधी हातही उचलतं. ते वेळीच कसं ओळखायचं, हे पोरांना आणि आईबापांना सांगायचं होतं. आधी त्यांनी एका डॉक्टरांचं भाषण ठेवलं. पोरं झोपली आणि आईबाप आलेच नाहीत. मग नर्सताईंनी डोकं लढवलं. नाटक करायचं, पण पोरांची कामं मोठ्यांनी करायची आणि आईबापांची कामं पोरांनी. संवाद कुणी लिहून द्यायचे नाहीत, ज्याचे त्यानं बसवायचे. या बाई दिसायला एवढ्याशा आणि बोलतात इतक्या हळू, की समोरच्याला वाटतं आपणच फार ओरडतोय.

माझी नायिका म्हणजे आमचा बेकरीवाला. ब्रशएवढ्या मिशा आणि कमरेचा घेर पिठाच्या पोत्याएवढा. मिशा काढणार नाही, या अटीवर तो सतरा वर्षांची मुलगी व्हायला तयार झाला. आणि नायिकेच्या आईचं काम कुणाला, तर माझ्या भाचीला, पक्कडला.

पक्कड ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, म्हणून लहानपणीच ते नाव पडलं. तिचे वडील जहाजावर, आई कारखान्यात पाळीवर, त्यामुळे शाळा सुटली की पोरगी माझ्या दुकानात. माझं शिवणयंत्र बिघडलं तर कारागीर बोलवायची सोय नाही. ही आधी ते उघडून बसणार. तिला लिफ्ट दुरुस्त करायला शिकायचं होतं. मी म्हटलं, बाई गं, दुनियेत इतके धंदे पडलेत, तुला माणसांना वरखाली करायचाच धंदा सापडला? पण तिनं परीक्षा दिली आणि दुसऱ्या शहरातल्या संस्थेत तिचा नंबर लागला. वसतिगृहही मिळालं. महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत जाऊन हजर व्हायचं, नाही तर जागा पुढच्याला. त्या दिवशी ती इतकी नाचली की माझी बटणांची बरणी पडली.

आणि आता तीच पोरगी म्हणत होती, बघू, जावंसं वाटत नाहीये. कारण विचारलं तर सोमवारी एक, मंगळवारी दुसरं. वसतिगृह लांब आहे. जेवण कसं असेल कोण जाणे. आईला एकटं वाटेल. आई बिचारी म्हणत होती, मला मेलीला झोपायलासुद्धा वेळ नाही, एकटं कधी वाटायचं?

या सगळ्यात तिचा तो मित्रही होता. त्याला मी काळजीवाहू म्हणायचे, आणि सांगते, कौतुकानं म्हणायचे. पोरगी दुकानात पोचली की याचा फोन. पोचलीस का? कोण आहे बरोबर? खाल्लंस का? कुठला शर्ट घातलायस? मी धाकटीला म्हणत होते, अगं, तुझ्या नवऱ्यानं कधी विचारलं का, तू जिवंत आहेस की नाही? नशीब काढलं पोरीनं. शिवाय त्याच्या संगतीत पोरगी शांत झाली होती. उगाच हुंदडणं नाही, मैत्रिणींचा घोळका नाही, दात काढणं नाही. आम्ही दोघी बहिणी म्हणत होतो, बरं झालं, वळण लागलं.

पहिली तालीम शाळेच्या सभागृहात. मी दुकानात कुणी गिऱ्हाईक विसरून गेलेली जुनी टोपी उलटी घातली, खिशात हात घातले आणि शिरले स्टेजवर. वाईट मुलगा कसा असतो हे काय मला कुणी शिकवायला हवं? मी गुरगुरले. बेकरीवाल्याचं मनगट धरलं आणि म्हटलं, खबरदार दुसऱ्या कुणाशी बोललीस तर, तंगडं तोडून हातात देईन. बेकरीवाला लाजला. मागच्या बाकांवरची पोरं हसून हसून खाली पडायच्या बेताला आली.

मग पोरांनी आईबाप करून दाखवले, तेव्हा मात्र आमच्या बाजूला शुकशुकाट. एक काटकुळा पोरगा बाप झाला होता. त्यानं नुसतं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि प्रत्येक गोष्टीला म्हणाला, आईला विचार. सभागृहातल्या निम्म्या बापांनी माना खाली घातल्या.

पक्कड आईचा चष्मा लावून कोपऱ्यात उभी होती. वाईट काम तिला बघवत नाही. ढिला स्क्रू दिसला की तिचा हात शिवशिवतो, तसंच तिचं झालं. पुढे आली आणि म्हणाली, "मावशी, असं कुणी बोलत नाही. असा बोलला तर कुठलीही मुलगी दुसऱ्या दिवशी निघून जाईल. आवाज खाली घे. हात धरू नकोस, तिच्या पिशवीला धर. आणि म्हण, मी रागावलो नाहीये, फक्त वाईट वाटलं."

मी म्हटलं, यात काय वाईट? हे तर शहाण्यासारखं बोलणं झालं. ती म्हणाली, तू म्हण तर. मी म्हटलं. मग तिनं पुढचं सांगितलं. मैत्रिणींबरोबर जायचं असेल तर जा, मी बसेन एकटा. त्यांना तुझी काळजी नाही, म्हणून सांगतो. लपवण्यासारखं काही नसेल तर पासवर्ड द्यायला काय हरकत आहे? पोरगी थांबायचं नाव घेईना, आणि मी पोपटासारखी म्हणत गेले, गोडीगुलाबीनं, टोपी उलटी घालून.

झालं. आईबापांच्या बाजूला उसासे सुरू. एक बाई म्हणाली, किती समजूतदार. आमची नायिका मिशीला पीळ देत म्हणाली, ताई, असा मुलगा असेल तर मी खरंच करीन लग्न. नर्सताईंनी हळूच विचारलं, वाईट मुलगा आला का स्टेजवर? सगळे आईबाप एका सुरात म्हणाले, नाही अजून, यायचाय ना?

मागच्या बाकांवरून मात्र या वेळी हसू आलं नाही. पोरी एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या. एक पोरगा नखं खात होता. नर्सताईंनी तिकडे पाहिलं, मीही पाहिलं. पण मी आपली खूश होते, माझं काम पडलं नाही म्हणून.

पुढच्या तालमी माझ्या दुकानातच व्हायला लागल्या. मी यंत्रावर बसलेली आणि पक्कड कापडाच्या गठ्ठ्यावर मांडी घालून मला शिकवतेय. म्हणाली, नायिका मैत्रिणीच्या घरी गेली ना, की त्यानं दिवसभर फोन उचलायचा नाही. मग दुसऱ्या दिवशी चॉकलेट घेऊन यायचं आणि काही झालंच नाही असं वागायचं. म्हणजे तीच माफी मागते. मी विचारलं, कशाबद्दल? पक्कड म्हणाली, ते तिला कळत नाही, म्हणून तर जास्त मागते. मी म्हटलं, वा, केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तिनं मान डोलावली. तिच्या मांडीवरचा फोन उजळला. तिनं तो उलटा ठेवला आणि थोड्या वेळानं परत सुलटा केला.

मी विचारलं, आणि त्या मुलीला परगावी शिकायला जायचं असेल तर? नाटकात घालावं म्हणून आपलं सहज विचारलं.

"मग म्हणायचं, तुझ्यासाठी मी आनंदीच आहे. फक्त तिथं गेल्यावर तू बदलशील. सगळ्याच बदलतात. मी काय, माझं बघून घेईन." एवढं ती एका दमात बोलली, आणि बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

माझा पाय यंत्रावर, पँट सुईखाली, आणि डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. वाक्य न वाक्य कसं हिला पाठ? एवढं नेमक्या मापाचं कुठून आणते ही? नुसत्या अंदाजानं कापड कापावं तर कुठेतरी चूक राहतेच. हे तर कुणीतरी अंगावर माप घेऊन शिवलेलं होतं. खाली बघितलं तेव्हा मी पँटचा पाय दोन्ही बाजूंनी आरपार शिवून टाकला होता. तीस वर्षांच्या धंद्यात असली टीप मी कधी घातली नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. सगळ्या शाळेला शहाणं करायला निघालो आम्ही, आणि ज्या पोराला मी काळजीवाहू म्हणून मिरवत होते, तोच आमच्या पोरीचा एकेक टाका उसवत बसला होता. तळपायाची आग मस्तकात गेली. पक्कड घरी गेल्यावर मी दुकानाला कुलूप लावलं आणि निघाले त्या पोराच्या घराकडे. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की हातात कापडाची मोठी कात्री तशीच आहे. समोरून येणारे लोक रस्ता ओलांडून पलीकडे जात होते, ते का, हे तेव्हा कळलं.

म्हणून मग आधी नर्सताईंकडे गेले. त्यांनी कात्री टेबलावर ठेवायला सांगितली. मी सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की आता घरी जाऊन पोरीचा फोन काढून घेणार, त्याला भेटायचं नाही असं बजावणार, आणि सोमवारी मानगूट धरून गाडीत बसवणार.

नर्सताई म्हणाल्या, "हुकूम देणारा एक जण तिच्याकडे आहेच. दुसरा कशाला हवा?"

मला असं फार कमी लोक बोललेत. त्या पुढे म्हणाल्या, तुम्ही बंदी घातलीत की ती त्याची बाजू घेईल, आणि मग जे सांगतेय तेही सांगणं बंद होईल. तिला कळू द्या की तिचं काही चुकलेलं नाही. ती सांगेल ते खरं माना. विचारा, पण उत्तरासाठी घाई करू नका. आणि तिनं कधी असं काही सांगितलं, की ज्यात कुणाच्या जिवाला धोका आहे, तर ते पोटात ठेवू नका, लगेच माझ्याकडे या. मी म्हटलं, थोडक्यात, गप्प बसायचं. त्या म्हणाल्या, गप्प नाही, ऐकायचं. मी म्हटलं, बाई, माझ्या बाबतीत दोन्ही सारखंच अवघड आहे.

धाकटीला सांगितलं तेव्हा ती रडली. मग आम्ही दोघींनी ठरवलं, रागवायचं नाही. ठरवणं सोपं असतं. मी दुसऱ्या दिवशी यंत्रावर बसले, पक्कड आली आणि म्हणाली, त्यानं माझ्या फोनमधले दोन नंबर काढून टाकले, चुकून. शिवी माझ्या जिभेवर आलीच होती. तेवढ्यात मी समोरच्या डबीतल्या टाचण्या उचलल्या आणि ओठात धरल्या, ओळीनं. आम्ही कपडे बेतताना धरतो तशा. लोक तोंडात मूग धरतात, मी टाचण्या धरल्या. बोलायला गेलं की टोचणार.

आणि काय सांगू, पोरगी बोलायला लागली. ती स्वतःबद्दल बोलत नव्हती. ती त्या नाटकातल्या मुलीबद्दल बोलत होती. त्या मुलीचं हसणं त्याला आवडत नाही, लोक बघतात म्हणतो, म्हणून ती तोंडावर हात धरून हसते. त्या मुलीनं पोहणं सोडलं. ती मुलगी काय घालायचं ते आधी फोटो काढून दाखवते. मी टाचण्यांच्या फटीतून फक्त हुं म्हणत होते. आठवडाभर माझी ही दशा. कधी कधी तोंडात इतक्या टाचण्या असायच्या, की गिऱ्हाईक विचारायचं, बाई, तब्येत बरी आहे ना? दुकानातल्या सगळ्या पँटा टाचण्यांवाचून लोंबत होत्या.

एकदाच मी टाचण्या काढून विचारलं, त्या मुलीला नक्की काय हवंय? पक्कडनं कापडाची चिंधी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, तिला जायचंय. पण तिला वाटतं, आपण वाईट आहोत. मी म्हटलं, ती वाईट नाही. एवढंच म्हटलं आणि परत टाचण्या तोंडात घातल्या, कारण पुढचं जे येत होतं ते ऐकण्यासारखं नव्हतं.

सोमवार चार दिवसांवर आला तेव्हा बेकरीवाल्याची भट्टी बिघडली आणि नायिका तालमीला आली नाही. सभागृहात आम्ही मोजकेच. नर्सताई म्हणाल्या, आज राहू दे. पक्कड म्हणाली, मी उभी राहते त्यांच्या जागी. मिशा नाहीत, पण चालेल.

मला घाम फुटला. बेकरीवाल्याला काहीही बोलता येतं, पण हिच्या तोंडावर ते बोलायचं? मी दोनदा चुकले. ती म्हणाली, मावशी, नीट म्हण, नाही तर मला जमणार नाही. मग मी टोपी उलटी केली, आवाज खाली आणला, तिच्या पिशवीचा पट्टा धरला, आणि म्हटलं, "तुझ्यासाठी मी आनंदीच आहे. फक्त तिथं गेल्यावर तू बदलशील."

इथं नायिकेनं म्हणायचं असतं, बरं, नाही जात. बेकरीवाला इथं डोळे पुसतो.

पक्कड म्हणाली, "बदलीन की. शिकायला जातेय, बदलायलाच जातेय."

हे नाटकात नव्हतं. नर्सताई खुर्चीत सरळ झाल्या. मी काय करावं? थांबावं तर तिचं अर्धवट राहील. म्हणून मी तिनंच शिकवलेलं पुढचं वाक्य काढलं. म्हणजे तुझं माझ्यावर प्रेम नाही. ती म्हणाली, होतं. मी म्हटलं, मैत्रिणींनी भरवलं तुझ्या मनात. ती म्हणाली, मैत्रिणी राहिल्यात कुठे? मी एकेक वाक्य टाकत होते आणि ती एकेक उडवून लावत होती, आणि मध्येच तिला फसकन हसू आलं, माझ्या टोपीमुळे असेल, किंवा ते शब्द माझ्यासारख्या जाड्या बाईच्या तोंडून फारच हास्यास्पद वाटत असतील. तोंडावर हात न धरता हसली. मग खाली पायरीवर बसली.

नर्सताई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या. मी लांब उभी राहिले, कारण मला बोलावलं नव्हतं, आणि हे मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. घरी जाताना पक्कड म्हणाली, मी त्याला उद्या सांगणार आहे. चार लोकांत, कॉफीच्या दुकानात, दुपारी. "तू येशील? बोलायचं नाही, मावशी. फक्त शेजारी बसायचं."

वाचनालयाच्या खालचं ते कॉफीचं दुकान. टेबलं इतकी लहान की दोन कपांनंतर कोपराला जागा नाही. मी मनात राक्षस घेऊन गेले होते आणि समोर येऊन बसलं एक पोरगं, कपाळावर मुरुम, शर्टाचं एक बटण सैल. मला तेवढ्यातही वाटलं, हे बटण पडणार. त्यानं चॉकलेट टेबलावर ठेवलं. मला बघून तो थोडा चपापला, पण नमस्कार केला. गुणी म्हणतात तसाच.

पक्कडनं सांगितलं. मी सोमवारी जातेय, आणि आपलं आता पुरे. एवढंच. हात मात्र टेबलाखाली माझ्या पदराला घट्ट.

आणि तो सुरू झाला. काय सांगू, शब्द न शब्द तोच. मी रागावलो नाहीये, फक्त वाईट वाटलं. माझ्या ओठांची हालचाल व्हायला लागली. मधलं एक वाक्य तो विसरला, मैत्रिणींचं, आणि मी जवळजवळ त्याला आठवण करून देणार होते. खरं सांगायचं तर मी ते त्याच्यापेक्षा बरं म्हणते. पक्कडनं चोरून माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या ओठाचा कोपरा हलला. त्याला काही कळेना. तो माझ्याकडे वळून म्हणाला, मावशी, तुम्ही तरी तिला समजवा. मी कॉफीचा कप तोंडाला लावला. रिकामा होता, तरी लावून ठेवला.

मग तो थांबला. खाली बघत, अगदी हळू म्हणाला, "ठीक आहे. जा. सोमवारी रात्री मी माझं काही करून घेतलं, तर तुला कळवतील कुणीतरी."

हे वाक्य तिनं मला शिकवलं नव्हतं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती दचकलीच नव्हती. तिला ते नवीन नव्हतं. म्हणजे इतके दिवस, माझ्या दुकानात गठ्ठ्यावर बसून, माझ्या टोपीला हसत, ही पोरगी हे एवढं ओझं एकटी वाहत होती, आणि बाकी सगळं सांगून एवढंच पोटात ठेवून होती. सगळं बोलणं, सगळा राग, कुठे गेला कोण जाणे. मला नुसती भीती वाटली, तिच्यासाठी आणि त्या पोरासाठीही.

पक्कड म्हणाली, "हे तू आधीही म्हणालास. दर वेळी मी घाबरून थांबले आणि कुणाला सांगितलं नाही. काल नर्सताईंना सांगितलं. त्या तुझ्या आईशी बोलल्या. आई बाहेर उभी आहे. तुला खरंच तसं वाटत असेल तर तिला सांग, ती तुला डॉक्टरकडे नेईल, आणि मला बरं वाटेल. आणि वाटत नसेल, तर तेही तिलाच सांग. मला नको."

काचेपलीकडे एक बाई पर्स पोटाशी धरून उभी होती. ती आत आली आणि त्याच्या शेजारी बसली. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा चुरगळला. ती त्याला काही बोलली नाही, नुसता पाठीवर हात ठेवला. मग पक्कडला म्हणाली, मला वाटायचं, तुझ्यामुळे त्याला वळण लागलं. मी त्या बाईकडे बघतच राहिले. आम्हीही हेच म्हणत होतो, फक्त आमच्या घरी.

बाहेर आलो. पक्कड झपाझप चालत होती, मी मागे धापा टाकत. कोपऱ्यावर तिला गाठलं आणि विचारलं, बाकी सगळं शिकवलंस, हे का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "बाकीची वाक्यं तू म्हणालीस की मला हसू यायचं. त्या वाक्याला आलं नसतं."

मला रस्त्यातच रडू कोसळलं. लोक बघत होते, बघू देत. तिनं मला रडू दिलं, वर पाठही थोपटली, आणि मग नेहमीसारखं पकडून बसली. ते वाक्य नाटकात घाल म्हणाली. हसतील तेवढं हसू दे, आणि मग शेवटी ते घाल. तिथं कुणीतरी बसलेली असेल, जिला ते रोज ऐकावं लागतं आणि वाटतं की आपल्यालाच. आणि मावशी, ओरडू नकोस. खाली बघून म्हण, हळू. ओरडलीस तर कुणाला कळायचं नाही.

सोमवारी आम्ही दोघी बहिणींनी तिला गाडीत बसवलं. मानगूट धरावी लागली नाही. नाटकातलं तिचं आईचं काम आता तो वर्तमानपत्रवाला काटकुळा पोरगा करतो, डोक्याला रुमाल बांधून. बेकरीवाल्याची भट्टी सुरू झाली. शनिवारी प्रयोग आहे. बाकी सगळे संवाद मला झोपेतसुद्धा येतात, पण त्या एका वाक्याशी आले की बेकरीवाला माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघते, आणि माझा आवाज मध्येच जातो. नर्सताई म्हणतात, पुन्हा. आम्ही पुन्हा करतो.